सतरावा प्रश्न

“बग, कावळा आला. काय म्हणतोय त्यो? भाकरी दे म्हणतोय. देऊया का? देऊया की. काळा हाय, पर शाणा हाय. तुज्या बाबावानी सारका घड्याळ बघत न्हाई.”

गॅलरीतल्या उन्हात कामाला येणाऱ्या तानूमावशी माझ्या शर्वीला तेल लावत होत्या. मी आतल्या खोलीत, दार वीतभर उघडं ठेवून, एका चांगल्या वाक्यात चूक कशी घालावी याचा विचार करत बसले होते. तेच माझं काम होतं. स्पर्धा परीक्षांच्या सराव पुस्तिका काढणाऱ्या पुण्याच्या एका प्रकाशकासाठी मी वाक्यशुद्धीचे प्रश्न लिहायची. एक बरोबर वाक्य घ्यायचं आणि त्याची तीन रूपं बिघडवायची. कुठे विभक्ती हलवायची, कुठे क्रियापदाचं लिंग, कुठे वाक्प्रचारातला एखादा शब्द. चारांतलं एक शुद्ध, तीन अशुद्ध. आठवड्याला असे चाळीस प्रश्न.

“कावळा,” मावशी पुन्हा म्हणाल्या. “का-व-ळा. म्हण.”

मी पेन थांबवलं. शर्वी काही म्हणाली नाही.

तेव्हा ती दोन वर्षं चार महिन्यांची होती आणि एक शब्द बोलत नव्हती. हवं ते बोटाने दाखवायची, नाही मिळालं तर रडायची. सांगलीच्या डॉक्टरांनी कान तपासले, जीभ पाहिली, सगळं ठीक आहे म्हणाले. “घरात बोलता ना तिच्याशी? सतत बोला. कानावर पडू दे,” एवढंच त्यांनी सांगितलं. येताना गाडीत मी नवऱ्याला, हेमंतला म्हटलं, “आपण बोलतच नाही रे घरात.”

“आई म्हणते, मी तीन वर्षांचा होईपर्यंत बोललो नव्हतो.”

“अजून तरी कुठे बोलतोस?”

तो हसला. मला हसू आलं नाही. आम्ही हेमंतच्या बदलीमुळे विट्याला येऊन सातच महिने झाले होते. ओळखी नव्हत्या. मी मराठी घेऊन एम.ए. केलेली बाई, पण मुलीसमोर बसले की तिसऱ्या मिनिटाला माझे शब्द संपायचे. “हा चेंडू. हा लाल चेंडू. चेंडू कसा आहे?” तोंडी परीक्षा घेतल्यासारखं व्हायचं आणि शर्वी तोंड फिरवायची. रात्री झोपताना मनात यायचं की हे माझ्यामुळेच आहे.

तानूमावशी मात्र बोलत. सकाळी नऊला चप्पल दाराबाहेर काढता काढता सुरू होत ते चारला निघेपर्यंत. कावळ्याबद्दल, शेजारच्या बाईच्या वाळवणाबद्दल, गॅसच्या शेगडीबद्दल. शर्वीला उत्तर देता येत नाही हे त्यांच्या लक्षातच आलं नव्हतं बहुतेक. त्या प्रश्न विचारत, तिच्या वतीने उत्तरही देत आणि मग त्या उत्तरावर तिच्याशी भांडत. “आसं कसं म्हणतीस? कुणी शिकीवलं तुला आसलं?” आणि शर्वी त्यांच्या ओठांकडे डोळे लावून ऐकत राहायची.

त्यांना येऊन दीड महिना झाला असेल, तेव्हा एका दुपारी शर्वी गॅलरीच्या कठड्याला धरून म्हणाली, “बग.”

मी खुर्ची मागे ढकलून धावले. मावशी तिच्याशेजारी शांतपणे शेंगा सोलत होत्या. “बगतोय की आमी,” त्या तिला म्हणाल्या, “तुला काय आत्ता दिसलं व्हय?”

मग “ये” आला. “चल” आला. “नगं” आला. फोनवर माझ्या आईला मी आनंदाने “नगं” ऐकवला, तर ती म्हणाली, “अगं, नको म्हणायला शिकव ना तिला. नगं काय?”

“आई, ती बोलतेय.”

“हो गं, पण पुढे शाळेत जड जाईल.”

मी फोन ठेवला आणि वहीत लिहिलं: नगं, ११ तारीख, दुपारी. त्या वहीत पुढून शर्वीचे शब्द होते आणि मागून माझ्या प्रश्नांसाठी टिपलेली वाक्यं. कारण त्याच सुमाराला पुण्याहून नगरकर सरांचा फोन आला होता. ते पुस्तिकेचे संपादक.

“मॅडम, व्याकरण तुमचं पक्कं आहे. पण वाक्यं मेलेली आहेत. रामाने आंबा खाल्ला. सीता गाणे गाते. पोरं वाचतच नाहीत हो, नुसता पर्याय हुंगतात. जिवंत वाक्यं आणा. आणि चूक नको. मागच्या वेळी एकाच्या प्रश्नावर शुद्धिपत्र काढावं लागलं. आपला नियम तुम्हाला माहीत आहे, ज्याच्यामुळे शुद्धिपत्र निघालं त्याला पुढची पुस्तिका नाही.”

जिवंत वाक्यं गॅलरीत दिवसभर चालूच होती. मी दार आणखी थोडं उघडं ठेवू लागले. मावशी जे बोलत ते टिपायचं, त्यातलं एखादं वाक्य पुस्तकी भाषेत उतरवायचं, ते झालं बरोबर उत्तर. मूळचं ठेवायचं चुकीच्या पर्यायांत. कधी त्यांचं वाक्य जसंच्या तसंच चालून जाई. मला त्यात काही वावगं वाटलं नाही. खरं सांगायचं तर कामाचा उरक वाढला म्हणून मी खूश होते.

एकदा शर्वी झोपली होती आणि मावशी माझ्या खोलीत झाडू मारायला आल्या. टेबलावरच्या पुस्तकांच्या थप्पीकडे बघत म्हणाल्या, “एवढं समदं वाचलंय तुमी?”

“वाचावं लागतं मावशी. तुम्ही किती शिकलात?”

“चौथी. पुरती न्हाई.” त्यांनी झाडू भिंतीला टेकवला. “दादानं मला साळंतनं काढली, म्हसरामागं धाडली. न्हाईतर मी बी शिकले असते. आमची लेक, सारिका बगा, तलाठ्याच्या परीक्षेला बसतीया. दिवसभर त्या अभ्यासिकेत असती.”

“मग पाठवा ना तिला माझ्याकडे. मराठीचं काही अडलं तर सांगेन.”

“खरंच? लई उपकार हुतील, ताई.”

त्या गेल्यावर मी वही उलटी फिरवली आणि लिहून ठेवलं. वाक्य सुरेख होतं. मोठं दुःख आणि एवढं कमी शब्दांत. चाळिसांच्या यादीत ते सतरावं बसलं:

प्र. १७. पुढीलपैकी शुद्ध वाक्य ओळखा.
(१) दादाने मला शाळेतून काढली व म्हशीमागे धाडली.
(२) दादाने मला शाळेतून काढले व म्हशींमागे धाडले.
(३) दादा मला शाळेतून काढला व म्हशींमागे धाडला.
(४) दादाने मी शाळेतून काढले व म्हशींमागे धाडले.

नगरकर सरांनी मुद्दाम फोन केला. “सतरावा झकास. असे द्या.”

दोन महिन्यांनी पुस्तिका छापून आली. आतल्या पानावर बारीक अक्षरांत माझं नाव होतं. माझी प्रत मी कपाटावर ठेवून दिली. तोवर शर्वीच्या नावावर वहीत एकोणीस शब्द जमले होते आणि मी पहिल्यांदाच रात्रभर झोपू लागले होते.

मग एका सोमवारी मावशी आल्या आणि बोलल्या नाहीत.

सुरुवातीला मला कळलंच नाही. काहीतरी बिनसलंय एवढंच जाणवत होतं, पंखा बंद पडल्यावर क्षणभर वाटतं तसं. त्या शर्वीला न्हाऊ घालत होत्या, भरवत होत्या, सगळं जिथल्या तिथे. फक्त गप्प. कावळा आला तर बोटाने दाखवला. शर्वी त्यांच्या मांडीवर बसून तोंडाकडे बघत राहिली. मग तिने हात वर करून मावशींच्या खालच्या ओठाला बोट लावलं, हळूच ओढलं आणि वाट पाहिली.

मावशींनी तिचं बोट बाजूला केलं आणि तिला खांद्यावर घेतलं.

“बरं नाही का मावशी?”

“बरं हाय की.”

“घरी काही?”

“कुटं काय.”

मंगळवार तसाच गेला, बुधवारही. मी दाराच्या फटीतून बघत होते. दुसरं काम मिळालं असेल. हेमंत काही बोलला असेल. मीच काही बोलले असेन. रात्री मी हेमंतला तीनदा विचारलं, “तू त्यांना काही म्हणालास का?”

“मी? मी त्यांना गेल्या महिन्यात एकदा ‘चहा छान झालाय’ म्हणालो होतो.”

“नीट आठव.”

“मृणाल, त्यांनाच विचार ना.”

“विचारलं. ‘कुटं काय’ म्हणतात.”

शुक्रवारपर्यंत शर्वीही गप्प झाली. “ये” नाही, “चल” नाही. पाणी हवं तर पुन्हा बोट. मी तिला गॅलरीत घेऊन बसले आणि म्हटलं, “शर्वी, बघ, कावळा. बग.” तिने माझ्याकडे पाहिलं, मग स्वयंपाकघराच्या दाराकडे. वहीत तिच्या नावापुढे मी त्या आठवड्यात काहीच लिहिलं नाही.

शनिवारी दुपारी, मावशी दळण आणायला गेल्या होत्या, तेव्हा सारिका आली. बावीस-तेवीसची, तरतरीत, पाठीवर सॅक. मी कधीपासून बोलावलं होतं, आज आली. चार-पाच शंका होत्या. हातात माझीच पुस्तिका होती.

“अभ्यासिकेत सगळ्यांकडे हीच आहे, ताई. मी सगळ्यांना सांगितलं, ह्यातलं मराठी आमच्या ताईंचं आहे. आईलाही दाखवलं तुमचं नाव. तिला वाचता येतं थोडं थोडं, नावावरनं बोट फिरवत बसली होती.”

“हो?” मला बरं वाटलं.

“मग म्हणाली, ताईंनी काय लिवलंय ते वाचून दाखव. मी वाचत गेले. पहिले दहा-बारा प्रश्न ऐकून हसत होती. ‘हे तर मीच बोलते’ म्हणाली.” सारिका थांबली. पुस्तिकेचं पान तिने अंगठ्याने दुमडलं, उलगडलं. “आणि मग हा आला. सतरावा. मला काय माहीत, ताई. मी आपली चारी पर्याय मोठ्यानं वाचले आणि विचारलं, सांग आई, बरोबर कुठलं.”

“मग?”

“उठून चुलीकडं गेली. तेव्हापासनं घरातपण तशीच आहे.”

मी त्याच क्षणी सगळं समजले असं मला वाटलं. एका बाईच्या तोंडचं वाक्य मी चुकीच्या पर्यायात छापलं होतं आणि तिच्या लेकीने तिला ते वाचून दाखवलं होतं. सारिकाच्या शंका मी कशाबशा सांगितल्या. ती गेली आणि मी मावशींची वाट बघत दारात उभी राहिले. काय बोलायचं ते पाठ करत होते.

त्या पिठाचा डबा घेऊन वर आल्या. मी तो हातातून घेतला.

“मावशी, सारिका येऊन गेली. माझं चुकलं. तुमची भाषा चुकीची नाही, पुस्तकातली वेगळी असते इतकंच. तुमचं बोलणं मी असं अशुद्ध म्हणून घालायला नको होतं. मला तुमच्या बोलण्याचा फार—”

“भाषंचं काय घिऊन बसलाय?” मावशी म्हणाल्या. आवाज चढला नव्हता. “आमी आसं बोलतो, तुमी तसं. पुस्तकात तुमचं चालतंय. ते मला ठावं न्हाई व्हय?”

मी डबा खाली ठेवला.

“सारिका म्हणाली, दोन नंबरचं बरोबर. खरं का?”

“हो.”

“न्हाई. त्यातलं एक बी खरं न्हाई.” त्या चौकटीला टेकून खाली बसल्या. शर्वी आतून येऊन त्यांच्या गुडघ्याला चिकटली. “दादानं मला काडली न्हाई. मीच गेले न्हाई. मास्तर मला उबं करायचा, वाच म्हणायचा, आन मला आडायचं. पोरं हसायची. एक दिवस मी साळंच्या वाटंनं न जाता म्हसरामागं गेले. दादाला कळलं. तीन दिवस त्यो मला हाताला धरून साळंच्या दारात सोडून आला. रोज त्येचा कामाचा खाडा. चौथ्या दिशी मी उसात लपून बसले. त्यो हाका मारत हिंडत हुता, मी ऐकत हुते आन वं दिली न्हाई.”

“मग तुम्ही—”

“लगीन झालं. सासरी इचारलं, किती शिकलीस. म्हटलं, दादानं काडली. आसं म्हटलं की लोकं हळहळत्यात. मग तेच सांगत राहिले. तुमाला बी तेच. सवय झाली.” त्यांनी शर्वीच्या केसांतून बोटं फिरवली. “दादा जाऊन पाच वर्सं झाली. त्येला ह्यातलं कायबी ठावं न्हाई. आन आता हजार पोरं बसून खूण करणार, दादानं काडली. छापलंय म्हटल्यावर ते खोडणार कोण?”

मी विचारलं, “आणि शर्वीशी का बोलत नाही?”

“ह्या घरात बोललेलं छापून येतं, ताई. लेकरासंगं बोलाय लागलं की तोंडातनं काय काय निगतं. आपल्याला कळतंय का, काय निगंल? त्यापरास गप बरं.”

सोमवारी सकाळी मी नगरकर सरांना फोन केला.

“सर, सतरावा प्रश्न मागे घ्यायचाय.”

“का? उत्तर दोन नंबर ना? बरोबर आहे की.”

“वाक्य खोटं आहे सर.”

“म्हणजे?”

“तसं घडलेलं नाही.”

ते अगदी प्रेमाने म्हणाले, “मॅडम, वाक्यशुद्धीत खरं-खोटं नसतं. शुद्ध-अशुद्ध असतं. रामाने आंबा खाल्ला, ते तरी कुठे खरं होतं?”

“माझ्या ओळखीच्या बाईंचं आहे ते. त्यांच्या भावावर नाहक आळ येतोय.”

“नाव आहे का भावाचं? नाही. बाईंचं? नाही. मग? तीन हजार प्रती गेल्यात. पुढच्या आवृत्तीत बदलू फार तर.”

पुढची आवृत्ती दीड वर्षाने येणार होती. मी फोन धरून बसले. समोर गॅलरीत मावशी कपडे वाळत घालत होत्या, शर्वी एकेक चिमटा त्यांच्या हातात देत होती आणि दोघींपैकी कुणीही बोलत नव्हतं.

“सर, प्रश्न चुकलाय,” मी म्हटलं.

“आत्ता म्हणालात—”

“नाही, प्रश्नच चुकलाय. चारही पर्याय अयोग्य आहेत. मी तसं लेखी पाठवते. कुणी हरकत घेतली तर आपलंच नाव जाईल.”

“कसे अयोग्य? दुसरा चांगला धडधडीत...” ते थांबले. “मॅडम, शुद्धिपत्र काढायला लावताय तुम्ही मला. त्याचा अर्थ माहीत आहे ना?”

“माहीत आहे.”

“आठ पुस्तिका केल्यात आपण. तुमच्याइतकी नजर कुणाची नाही. आणि तुम्हीच सांगताय की तुम्हाला शुद्ध वाक्य कळलं नाही.”

“हो सर. नाही कळलं.”

लेखी पाठवलं. हेमंतला संध्याकाळी सांगितलं, तर तो म्हणाला, “दुसरं कारण नव्हतं का देता येत?” मी म्हटलं, “दिलं होतं. खरं तेच आधी दिलं होतं.”

शुद्धिपत्र तीन आठवड्यांनी आलं. बोटभर रुंदीची पिवळी पट्टी. प्रकाशकाने ती सगळ्या विक्रेत्यांकडे, अभ्यासिकांकडे पाठवली होती, पुस्तिकेत चिकटवायला. मधल्या तीन आठवड्यांत मावशी कामाला येत राहिल्या, खाडा केला नाही, आणि आमच्या घरात भांड्यांचा तेवढा आवाज होत राहिला. शर्वी कठड्याशी उभी राहून रस्त्याकडे बघायची. मी वही उघडायची आणि मिटायची.

पट्टी मला टपालाने आली त्याच दिवशी सारिकाही ती घेऊन आली. तिच्या अभ्यासिकेत वाटली होती. धापा टाकत जिना चढून थेट आईसमोर उभी राहिली.

“आई, ऐक. ‘मराठी, वाक्यशुद्धी. प्रश्न क्रमांक सतरा. चारही पर्याय अयोग्य आहेत. सदर प्रश्न रद्द समजावा.’”

मावशी कांदा चिरत होत्या. सुरी खाली ठेवली, हात पदराला पुसले.

“पुन्यांदा वाच.”

सारिकाने पुन्हा वाचलं.

“समद्यांला दिलंय हे?”

“सगळ्यांना. पोरं म्हणत होती, कुणी घातली ही घोडचूक.” सारिका माझ्याकडे बघून ओशाळली. “मी काही बोलले नाही, ताई.”

“बरं केलंस,” मी म्हटलं.

मावशींनी ती पट्टी हातात घेतली, दोन्ही बाजूंनी पाहिली, घडी घातली आणि बटव्यात ठेवली. कांदा तसाच टाकून शर्वीला उचललं आणि गॅलरीत जाऊन बसल्या. पाय पसरले, तिला मांडीवर घेतलं. मी कामाच्या खोलीच्या दारात होते. चाळीस प्रश्नांचं काम आता नव्हतं, पण बसायची जागा तीच होती.

“तुला एक मामा हुता,” मावशींनी सुरुवात केली. “माजा दादा. ह्ये एवढा उंच...”

शर्वीने लगेच तोंड वर केलं आणि त्यांच्या ओठांवर नजर लावली.

मावशी थांबल्या. मान वळवून त्यांनी माझ्याकडे पाहिलं. नुसतं पाहिलं.

मी सारिकाला म्हटलं, “चल, तुझ्याबरोबर मी पण खाली येते. भाजी आणायचीय.” पिशवी घेतली, चप्पल घातली. बाहेर पडून दार ओढून घेतलं. भाजी फारशी घ्यायची नव्हती. मंडईत मी मेथीच्या दोन जुड्या घेतल्या, मग एस.टी. स्टँडपर्यंत उगाच चालत गेले, एका बाकावर बसले. आत काय चाललं असेल याचा जीवघेणा विचार येत होता आणि मी घड्याळ बघत तासभर तिथे बसून राहिले.

परत आले तेव्हा मावशी निघायच्या तयारीत होत्या. शर्वी जमिनीवर मेथीची वाट पाहत असल्यासारखी बसली होती, गाल लाल, डोळे चमकत.

“बोलली का काही?” मी विचारलं.

“व्हय, बोलली की. सलग बोलली.”

“काय म्हणाली?”

मावशींनी चप्पल पायात सरकवली. जिन्याच्या पहिल्या पायरीवर वळून त्या हसल्या, महिन्याभरात पहिल्यांदाच.

“हाय आमच्या दोघींचं कायतरी,” त्या म्हणाल्या. “तुमाला उद्या दुसरं सांगंल ती.”

शर्वी आता अकरा वर्षांची आहे. माझी आई तिला म्हणते, जरा श्वास घे गं बोलताना. तिचं पहिलं वाक्य काय होतं, हे मला आजवर माहीत नाही.